चव्वेचाळिसाव्या वर्षी हेवी लायसन्स

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या सभासदांच्या मनोगत कार्यक्रमातील एका भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सचिव साहेबांनी बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. माईकसमोर उभं राहायची सवय नाही. ते म्हणाले, "अहो, आपल्या सोसायटीत दोन-तीन घरांत चाळिशी-पंचेचाळिशीत नोकरी सुटलेली माणसं आहेत. ती कुणाला विचारत नाहीत, कुणी त्यांना सांगत नाही. तुम्ही काय केलं तेवढं सांगा. भाषण नका करू." म्हणून उभा राहिलो आहे.

तुम्ही सगळे मला ओळखता. पाणी येत नाही म्हणून वार्षिक सभेत भांडणारा मीच. पण मी नक्की काय करतो, हे तुमच्यातल्या निम्म्या लोकांना तीन-चार वर्षं माहीत नव्हतं, कारण मीच सांगितलं नव्हतं. मी ट्रक चालवतो. दहा चाकी. परभणी ते कोइम्बतूर, कधी भिवंडी, कधी हैदराबाद.

त्याआधी अठरा वर्षं मी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुनीम होतो. आपल्या भागात जिनिंग म्हणजे काय हे सांगायला नको. मानवत, सेलू ही कापसाचीच गावं. दिवाळीच्या सुमाराला कापूस यायला लागतो, रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. एक गाठ साधारण १७० किलोची. शंभर गाठी म्हणजे एक सौदा, म्हणजे सतरा टन, म्हणजे एक गाडी. त्या गाड्यांची बिल्टी मी करायचो, वजनकाट्याची पावती लावायचो, गेटपास फाडायचो. अठरा वर्षांत किती गाड्या पाठवल्या असतील, मोजल्या नाहीत. पण त्या जातात तिथं काय आहे, हे मी कधी पाहिलं नव्हतं. कागदावर "कोइम्बतूर" लिहायचो आणि पुढच्या कागदाला हात घालायचो.

२०१८ साली हंगाम संपल्यावर मालकांनी जिनिंग दुसऱ्यांना चालवायला दिली. नवी माणसं आली, त्यांनी त्यांचा हिशेबनीस आणला. यात कुणाची चूक नाही, धंद्यात असं होतं. पण माझं वय त्रेचाळीस, फ्लॅटचे हप्ते चालू, मुलगी दहावीला आणि मुलगा सहावीत. चार ठिकाणी विचारलं. सगळीकडे कॉम्प्युटरवाला पंचविशीतला मुलगा पाहिजे होता, आणि पगार माझ्या जुन्या पगाराच्या निम्मा.

आपल्याकडं म्हण आहे, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." बाहेर काही जमलं नाही तर परत यायला परभणी आहेच. माझं उलटं झालं होतं. परभणीतच जमत नव्हतं.

ड्रायव्हरकीचा विचार कसा आला? जिनिंगवर गाड्यांची वाट बघत बसावं लागायचं. मालक म्हणायचे, गाडी आहे पण ड्रायव्हर नाही. हे मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. मोटारगाडीचं लायसन्स माझ्याकडं २००६ पासून होतं. घरी बोललो तर बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "करायचं तर करा, पण घाईत करू नका. वर्षभर तयारी करा. तोवर मी शिवणकाम वाढवते." आज मी जे काही सांगणार आहे, ते तिच्या त्या एका वाक्यातून निघालेलं आहे. प्रत्यक्षात तयारीला दीड वर्ष लागलं.

आता तयारी म्हणजे काय, ते क्रमानं सांगतो.

पहिली तयारी हाताची. अनेक जण थेट मोठ्या गाडीकडं धावतात, मी तसं केलं नाही. सुप्रीम कोर्टानं २०१७ साली निकाल दिला होता, की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. पुढं त्यावर वाद झाला आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तेच कायम केलं. म्हणजे पिकअप किंवा छोटा हत्ती चालवायला वेगळं लायसन्स लागत नाही. मी एका भुसार व्यापाऱ्याची पिकअप चालवायला घेतली. परभणी–जिंतूर, परभणी–गंगाखेड, कधी नांदेड. या काळात मला दोन गोष्टी कळल्या. एक, आपल्याला हे काम आवडतं का. दुसरी, माल लादणं, ताडपत्री टाकणं, दोर आवळणं आणि पोहोच घेईपर्यंत थांबणं हे गाडी चालवण्याइतकंच मोठं काम आहे. ज्याला कुणाला या वाटेनं जायचं असेल, त्यानं आधी सहा महिने छोटी गाडी चालवावी. नाही आवडली तर फार काही गमावत नाही.

मग मोठ्या गाडीवर एका वस्तादाबरोबर तीन महिने क्लीनर म्हणून गेलो. त्रेचाळीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला क्लीनर! ढाब्यावर पोरं हसायची. वस्ताद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण मला "मास्तर" म्हणायचे. मी त्यांना "वस्ताद" म्हणायचो. त्या तीन महिन्यांत मी स्टिअरिंगला हात लावला नाही, नुसतं बघितलं. गाडी सुरू केल्यावर हवेचा काटा पुरता वर येईपर्यंत ते गाडी हलवायचे नाहीत, कारण मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. दर थांब्यावर उतरून चाकं ठोकून बघायचे. वळताना मागचं चाक कुठून जाणार हे आधी आरशात बघायचे. डाव्या बाजूला मोटारसायकल घुसली तर आपल्याला दिसत नाही, हे त्यांनी मला खाली उभं करून दाखवलं.

दुसरी तयारी कागदाची. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यानुसार मालवाहू वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळायला हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. वयाची खालची अट वीस वर्षांची आहे. वरची अट शरीर सांगतं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याला नमुना १-अ म्हणतात. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं. शिकाऊ लायसन्सनंतर कमीत कमी तीस दिवसांनी परीक्षा देता येते. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली काढली. माझ्याबरोबर चौथीपर्यंत शिकलेले एक जण होते. पंधरा वर्षं ट्रॅक्टर चालवत होते. अट निघाली म्हणून त्यांना अर्ज करता आला, आणि खरं सांगतो, परीक्षेत गाडी त्यांनी माझ्यापेक्षा चांगली मागं घेतली.

२०२१ पासून सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांचा नवा नियम आला आहे. तिथं अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, आणि तो पूर्ण केला की आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. आता कुणी सुरुवात करणार असेल तर जवळ असं केंद्र कुठं आहे याची आधी चौकशी करावी. कुणी म्हणेल, "इतके पैसे द्या, घरी लायसन्स आणून देतो." तसं लायसन्स घेऊ नका. घाटात ब्रेक लागेनासा झाला की ते लायसन्स कामाला येत नाही.

मला २०१९ च्या डिसेंबरात लायसन्स मिळालं. त्याच वर्षी कायदा बदलून मालवाहू लायसन्सची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली होती. मागच्या डिसेंबरात नूतनीकरण केलं. पुन्हा डॉक्टर, पुन्हा डोळे, पुन्हा बीपी.

कागदांच्या बाबतीत मी थोडा पुढं होतो, आणि हे मला आपल्या वयाच्या लोकांना मुद्दाम सांगायचं आहे. आपण रिकाम्या हातानं जात नाही. ई-वे बिल किती दिवस चालतं, हे मला पाठ होतं. दोनशे किलोमीटरला एक दिवस. कोइम्बतूर इथून बाराशे किलोमीटरच्या वर, म्हणजे सात दिवस. वाटेत गाडी बिघडली तर मुदत वाढवून घ्यायची असते, हे अनेक जुन्या ड्रायव्हरांना माहीत नव्हतं. ते मला फोन करून विचारायचे. दहा चाकी गाडीचं मालासकट वजन २८.५ टनांच्या वर जाता कामा नये, हे मी वजनकाट्यावर बसून शिकलो होतो. म्हणून ओव्हरलोड गाडीला मी पहिल्या महिन्यातच नाही म्हणालो. मुनीमकीची अठरा वर्षं फुकट गेली असं वाटत होतं, ती गेली नाहीत.

तिसरी तयारी शरीराची. पिकअप चालवत असतानाच मी तपासणी करून घेतली. बीपी निघाला, साखर काठावर, आणि डोळ्यांचा नंबर बदललेला. तोवर मला वाटायचं आपण ठणठणीत आहोत. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने द्या, मग प्रमाणपत्र." मी दिले. सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर चालायला लागलो, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. गाडीत आजही घरचं खाणं असतं. ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. ढाब्यावरची तेलाची भाजी आठवड्यातून एकदा. कंबरेसाठी दर दोन-अडीच तासांनी खाली उतरून दहा मिनिटं चालतो.

आणि झोप. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे.

दुसऱ्या वर्षी, हैदराबादच्या पुढं कर्नूलकडं जाताना, पहाटे चारच्या सुमाराला माझा डोळा लागला. किती सेकंद, ते मला आजही सांगता येत नाही. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर होती आणि पुढं पन्नास-साठ पावलांवर एक ट्रॅक्टर उभा होता, मागं दिवा नाही. गाडी थांबली. मी खाली उतरलो आणि पाय लटपटून रस्त्याच्या कडेला बसलो. तो मागचा ड्रायव्हर थांबला, पाण्याची बाटली दिली, तेलुगूत काहीतरी बोलला आणि गेला. त्याचं नाव मला माहीत नाही.

त्या दिवसापासून रात्री दोन ते पाच माझी गाडी उभी असते. मालक चिडो, माल उशिरा पोहोचो. आपल्याकडं २०२५ पर्यंत एक कायदा होता. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याला दिवसाला जास्तीत जास्त दहा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. युरोपात साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवून ठेवतं. आपल्याकडच्या माझ्या गाडीत तसं यंत्र नाही. म्हणून मी एक वही ठेवली आहे. सुटलो किती वाजता, थांबलो किती वाजता, झोपलो किती तास. मुनीमाची सवय. वही खोटी लिहिता येत नाही, कारण ती दुसऱ्या कुणाला दाखवायचीच नसते.

घाटाबद्दलही एक सांगतो. बेंगळुरूहून सेलमकडं जाताना धर्मपुरीच्या पुढं थोप्पूरचा घाट लागतो. लांबलचक उतार. तिथं ट्रकचे फार अपघात होतात. डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडतात, मग ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. वस्तादांनी मला सांगून ठेवलं होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. चार लिटर डिझेल जास्त लागलं तर लागू द्यायचं.

चौथी तयारी पैशाची. मी लायसन्स मिळाल्या मिळाल्या स्वतःची गाडी घेतली नाही. पुष्कळ जण सांगत होते, "कर्ज मिळतं, घ्या ना." पण आधी ड्रायव्हरकी नीट कळावी, मालकी मग बघू, असं आम्ही घरात ठरवलं होतं, आणि अजून मालकी घेतलेली नाही. सहा महिन्यांचा किराणा, शाळेची फी आणि घराचा हप्ता एवढी रक्कम वेगळी ठेवली. शिवणकामाचे पैसे त्यात होते, हे मी इथं सर्वांसमोर सांगतो.

ती रक्कम नसती तर मी पहिल्याच वर्षी बसलो असतो. कारण लायसन्स हातात आलं आणि तीन महिन्यांत, मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. मालाच्या गाड्यांना परवानगी होती, पण ढाबे बंद, पंक्चरवाले बंद, गावं रस्त्यावर काटे टाकून बसलेली. शिवाय माझ्या पहिल्या मालकानं दोन महिन्यांचा पगार थकवला. भांडण नको म्हणून मी काही लिहून घेतलं नव्हतं, ती चूक माझी. तेव्हापासून पगार किती, भत्ता किती, टोल-डिझेल कुणाचं, दंड कुणाचा, गाडी उभी राहिली तर रोज मिळणार की नाही, हे आधी कागदावर ठरवतो. गाडीचा विमा, फिटनेस, परमिट स्वतः बघतो. आपल्या नावाचा अपघाती विमा वेगळा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं संरक्षण मिळतं. बँकेत एक अर्ज द्यायचा असतो. इथं बसलेल्या कितीजणांनी दिला आहे? हात वर करू नका, उद्या बँकेत जा.

आता कायद्याची एक भीती बऱ्याच घरांत आहे, म्हणून सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी संप केला होता, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, ते आठवत असेल. अपघात करून न कळवता पळून गेलेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं नव्या भारतीय न्याय संहितेत होतं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम लागू केलं नाही. पण म्हणून आपलं कर्तव्य संपत नाही. जुना मोटार वाहन कायदाही सांगतो, जखमीला उपचार मिळवून द्या आणि पोलिसांना कळवा. जमाव मारायला आला तर जीव वाचवून जवळच्या ठाण्यात जा, पण जा. माझ्या फोनमध्ये ११२ आणि १०८ सगळ्यात वर आहेत.

पाचवी तयारी घराची. ही मी केली नव्हती.

मला वाटलं होतं, पैसे ठेवले, डबा भरला, झालं. २०२१ च्या ऑक्टोबरात मी सेलमच्या पुढं होतो. रात्री साडेदहाला बायकोचा फोन. मुलाला चार दिवस ताप, आता उभं राहता येईना. डेंग्यू. मी बाराशे किलोमीटरवर, गाडीत सतरा टन माल. एटीएमचं कार्ड माझ्या खिशात. विम्याचा कागद कपाटाच्या कोणत्या खणात, ते मलाच आठवेना. फोनवर मी तिच्यावर ओरडलो, ती माझ्यावर ओरडली आणि फोन कट झाला.

त्या रात्री तिनं समोरच्या काकूंचं दार वाजवलं. काकांनी गाडी काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी दवाखान्यात अनामत भरली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी मुलीला रात्रभर आपल्या घरी झोपवलं. प्लेटलेट लागल्या तेव्हा रक्तपेढीत आपल्या सोसायटीतले तीन जण गेले. त्यातले दोघे असे, की ज्यांच्याशी मी पार्किंगवरून वर्षभर बोलत नव्हतो. मी पोहोचलो चौथ्या दिवशी. मुलगा उठून बसला होता. मला बघून म्हणाला, "पप्पा, गाडी कुठं लावली?"

त्या आठवड्यात मी ड्रायव्हरकी सोडायची असं ठरवलं होतं. ते बायकोनंच थांबवलं. ती म्हणाली, "तुम्ही इथं असतात तरी डेंग्यू झालाच असता. तुम्ही नव्हता हा प्रश्न नाही. मला काहीच माहीत नव्हतं, हा प्रश्न आहे."

मग आम्ही दोघांनी बसून एक फाईल केली. साधी, पन्नास रुपयांची. त्यात बँकेची माहिती, विम्याचे कागद, चौघांचे रक्तगट, कुणाला कोणतं औषध चालतं आणि कोणतं चालत नाही, डॉक्टरांचा नंबर, मालकाचा नंबर, गाडीचा नंबर, आणि मी कुठल्या रस्त्यानं जातो, कुठं थांबतो याचा कागद. एटीएमचं कार्ड घरी. दुसऱ्या खात्याचं माझ्याकडं. दोन शेजाऱ्यांना विचारून, त्यांच्या होकारानं, त्यांची नावं "रात्री कुणाला उठवायचं" या पानावर लिहिली. रोज रात्री आठ ते साडेआठ गाडी उभी करून फोन, आणि त्या फोनवर पैशाचं भांडण करायचं नाही. महिन्यातून सलग चार दिवस घरी, मग कितीही चांगलं भाडं येवो.

ही फाईल मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. म्हणून कुणी मला विचारलं, "ट्रकवर जायचंय, कुठून सुरुवात करू?" तर मी लायसन्सचं शेवटी सांगतो. आधी घरच्या माणसाला समोर बसवा. तुम्ही पंधरा दिवस नसाल तेव्हा या घरात काय काय अडेल, याची यादी तिच्या तोंडून ऐका. तिनं "जमणार नाही" म्हटलं तर खरंच जमणार नाही. नोकरी एकजण बदलतो, पण बाकीच्यांचं आयुष्य न विचारता बदलून जातं.

वय झालं, शिक्षण झालं, आता हे काम कसं करू, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण सांगतो. योगिता रघुवंशी हे नाव काहींनी वाचलं असेल. आपल्या महाराष्ट्रातल्या नंदुरबारमध्ये वाढल्या, लग्न होऊन भोपाळला गेल्या. कायद्याची पदवी घेतलेली. नवरा अपघातात गेला, पदरात दोन मुलं. त्यांनी ट्रकचं स्टिअरिंग हाती घेतलं आणि देशभर माल नेला. आपण तर पुरुष, आपल्याला ढाब्यावर कुणी वळून बघत नाही. त्यांना किती जणांनी बघितलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा रात्री गाडी उभी करून करतो.

पण मी सगळ्यांना या म्हणणार नाही. ज्याला साखरेसाठी इन्सुलिन लागतं, ज्याला रात्री झोप लागत नाही, ज्याला पाठीचा त्रास आहे, ज्याचं घरात एकट्यावर आजारी माणूस अवलंबून आहे, त्यानं हे करू नये. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात छोटी गाडी चालवावी, त्यातही पोट भरतं. ज्याचा हात संध्याकाळी बाटलीकडं जातो, त्यानं तर अजिबात नाही. मीसुद्धा पंचावन्नच्या पुढं लांबचा पल्ला करणार नाही, हे घरात लिहून दिलं आहे. त्या फाईलमध्ये तोही कागद आहे.

मिळालं काय, तेही सांगतो. घराचे हप्ते थकले नाहीत. मुलीचं इंजिनीअरिंग होत आलं. हैदराबादच्या पुढंही कर्नूलपर्यंत माझी मराठवाड्याची दखनी हिंदी चालते, पुढं हातवारे. आणि पहिल्यांदा कोइम्बतूरला सूतगिरणीत गाडी लावली, तेव्हा तिथल्या एका माणसानं मला आत नेऊन दाखवलं. आपल्या गाठी फोडत होते. रुई मोकळी होऊन यंत्रात जात होती, पुढं तिचा पेळू, मग सूत. मी तिथं उभा राहून बराच वेळ बघत होतो. अठरा वर्षं ज्या गावाचं नाव नुसतं लिहीत होतो, ते गाव बघितलं.

शेवटचं. दर पाच वर्षांनी आपली संस्था सभासदांची माहिती गोळा करते. मागच्या वेळी "व्यवसाय" या रकान्यात मी "खासगी नोकरी" असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मुलीच्या लग्नाचं बघताना अडचण होईल, शेजारी काय म्हणतील, असं काहीबाही मनात होतं. ज्या शेजाऱ्यांची भीती होती, तेच रात्री माझ्या मुलाला घेऊन दवाखान्यात गेले. या स्मरणिकेसाठी सचिव साहेबांनी नवा फॉर्म दिला, तो मुलानं भरला. त्यानं मला न विचारता "ट्रकचालक" लिहिलं आणि सहीसाठी माझ्यासमोर ठेवला. मी सही केली.

ज्यांच्या घरात आज असा काही प्रश्न आहे, त्यांनी बोलावं. मी पंधरा दिवसांतून चार दिवस तरी परभणीत असतो, बी विंगच्या खाली संध्याकाळी बसलेला सापडतो. लाजू नका. मी लाजलो, त्यात तीन वर्षं गेली.

 त्या ऑक्टोबरच्या रात्रीबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.